रोज ऑफिसला जायला दोनशे किलोचं धूड कशाला?

पार्किंगग्रस्त:
परवा इथेच एका नवीन सभासदाने विचारलं, वारज्याहून हिंजवडीला रोज जायला कुठली बाईक घेऊ? त्याला मिळालेला सल्ला: "१५० सीसीच्या खाली बघूच नकोस. जमलं तर सरळ ३५० घे. वजन असलं की गाडी रस्ता धरून चालते, पॉवर असली की वेळेला सुटका होते." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. अरे, सुटका कुठे करून घेणार आहे तो? चांदणी चौकात? तिथे सकाळी नऊ वाजता हायाबुसावालाही पाय टेकत टेकतच पुढे सरकतो. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

आकडे घ्या. स्प्लेंडर आठ बीएचपी (इंजिनाची ताकद मोजायचं एकक), ११२ किलो. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० वीस बीएचपी, १९५ किलो. आणि आपली जुनी यामाहा आरएक्स १०० अकरा बीएचपी, १०३ किलो. करा भागाकार. किलोमागे आरएक्सला जेवढी ताकद येते तेवढीच क्लासिकला, किंचित कमीच. मग वरचे अडीचशे सीसी करतात काय? स्वतःचं लोखंड ओढतात.

मुळात सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार, बघून गाडी ठरवणं हाच गाढवपणा आहे. केटीएमच्या जुन्या ३९० ड्यूकचं इंजिन ३७३ सीसीचं, बीएचपी ४३. क्लासिकचं ३४९, बीएचपी वीस. पण सरकारही सीसीच मोजतं. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्या गाडीला ४०. मग सगळे ३४९ च्या मागे.

बाकी ताकद गेली खड्ड्यात, वजनाचं बोला. आमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे. भिंतीकडे तोंड करून गाडी लावली की पुढचं चाक खाली. शेजारच्या गृहस्थांकडे ३५० आहे. रोज सकाळी ते पोट टाकीला टेकवतात, दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी अर्धा फूट मागे खेचतात, ब्रेक दाबून थांबतात, दम खातात, परत अर्धा फूट. पेव्हर ब्लॉकवर शेवाळं, बूट सटकतात. डाव्या बाजूला कुणाच्या तरी अ‍ॅक्टिव्हाचा आरसा. शेवटी वॉचमन येतो आणि मागून ओढतो. पावसाळ्यात हे गृहस्थ रिक्षाने जातात.

माझं म्हणणं एवढंच, रोजच्या गाडीला आठ ते पंधरा बीएचपी पुष्कळ झाले, आणि वजन १४० च्या पुढे नको. जी एकट्याला चढावर मागे घेता येत नाही ती शोभेची गाडी. रविवारी पुसायची, फोटो काढायचा.

सातारा_अपडाऊन:
तो सल्ला देणारा मीच. नाव लिहायला लाज वाटली का?

भागाकार सोयीचा केलात. गाडी एकटी चालत नाही हो, वर माणूस बसतो. सत्तर किलोचा धरा. आरएक्सचे अकरा बीएचपी १७३ किलो ओढतात, क्लासिकचे वीस २६५. आता सांगा कोण पुढे? मागे बायको बसवा, फरक आणखी वाढतो. हलकी गाडी एकट्या सडाफटिंगाला ठीक.

आणि तुम्ही बोपोडीपलीकडे कधी गेला आहात का? मी साताऱ्याचा, नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार ये-जा. खंबाटकी घाट चढताना पुढे कंटेनर रांगतोय, मागे एसटी दिवे मारतेय, आणि माणूस शंभर सीसीवर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलाय. बाहेर काढता येत नाही, मागे राहिलं की धूर. हे भोगलंय म्हणून ३५० घेतली. वळण संपताना थ्रॉटल पिळला की गाडी कंटेनरच्या पुढे असते. ह्याला सुटका म्हणतात.

पार्किंगग्रस्त:
पोरगा हिंजवडीला जाणार आहे, साताऱ्याला नाही. शिवाय चौपदरी रस्त्यावर दुचाकीला २०१८ पासून ८० ची मर्यादा आहे. एक्सप्रेसवेवर आपल्याला येऊच देत नाहीत. सुटका करून घेऊन जाणार कुठे?

सातारा_अपडाऊन:
८० च्या पुढे कोण म्हणतंय? ४० वरून ८० ला पोचायला किती वेळ लागतो ते विचारतोय. तुमची स्प्लेंडर पोचेपर्यंत वाईचा फाटा येतो.

नाशिकची_स्वाती:
दोघेही वजनाचा एकच आकडा धरून भांडताय. माझी उंची पाच फूट एक इंच. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, हिमालयन ४५० ची ८२५. वजन जवळपास सारखंच, १९५-१९६. क्लासिक मी आरामात चालवते, हिमालयनवर सिग्नलला पाय पोचताना घाम फुटतो. वजन किती यापेक्षा ते खाली आहे की वर, आणि आपला तळपाय टेकतो की नुसता अंगठा, यावर सगळं आहे.

आणि एकदाचं सांगून टाकते, शोरूमात गेलं की मला आधी स्कूटर दाखवतात. "मॅडम, ही हेवी जाईल." नवऱ्याला बाईक चालवता येत नाही हे सांगितल्यावर त्याच्याकडे बघून हसतात. पडलेली गाडी दंडाच्या जोरावर उचलायचीच नसते मुळी. आधी गिअरमध्ये टाकायची, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, हँडल पूर्ण वळवायचं, पाठ सीटला लावायची आणि पायांनी जमीन रेटत मागे चालायचं. उठते. आमच्या गल्लीतल्या दोन पैलवानांना हे मी शिकवलंय.

बार्शीकर:
आमच्याकडं या वाद घालायला. पुढं पेंडीचं पोतं, मागं दुधाचे दोन कॅन, मधी मी. गाडी शंभरची. बांधावरनं जाती, चिखलात रुतली तर दोघं जण उचलून बाजूला ठिवत्यात. तुमची ३५० रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागंल. गावात दोघांकडं बुलेट हायत. एक सरपंचाच्या पोराची, ती लग्नातच निघती.

म्यूनिककर:
इथला नियम सांगतो. युरोपात ताकद आणि वजन यांची सांगड परवान्यातच घातली आहे. सोळाव्या वर्षी १२५ सीसी, कमाल ११ किलोवॅट, आणि किलोमागे ०.१ किलोवॅटच्या वर नाही. अठराव्या वर्षी पुढचा परवाना, ३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७ बीएचपी, किलोमागे ०.२. नंतर मोठी. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना, काल स्प्लेंडरवर आठ काढून पास झालेला पोरगा आज हजार सीसी घेऊ शकतो. आणि गंमत म्हणजे ही १२५ इथे ऑटोबानवर, म्हणजे एक्सप्रेसवेवर, चालते. तिथे यायला गाडी ताशी ६० च्या पुढे जाणारी हवी, एवढीच अट. तेव्हा पंधरा बीएचपीत हायवेला जीव जातो वगैरे जरा बेतानेच घ्यावं.

सातारा_अपडाऊन:
आले परदेशातून. तिथे उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो का हो अंगावर?

जुना_बुलेटवाला:
पॉवर, वजन, सगळं ठीक. पण खरा दरोडा पडलाय त्यावर कुणीच बोलत नाही. किक! २०२१ पासून क्लासिकची किक गेली. १९५ किलोची गाडी आणि किक नाही. मागच्या दिवाळीत तीन आठवडे मुलीकडे होतो. परत आलो तर बॅटरी उतरलेली, बटण दाबलं की नुसतं टिक टिक टिक. पूर्वीच्या बुलेटला अ‍ॅमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) असायचा. डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची कळ, दाबायचा, किक हळूहळू खाली आणत काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प सोडायचा आणि एक मनापासून. धक्! झाली चालू. बॅटरी उतरत आली असली तरी.

वायरमन:
काका, आणि चुकलं तर किक उलटी बसून घोटा सुजायचा, तो भाग गाळलात. बीएस सहाचे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक गाड्या इंजेक्शनवर आहेत. पेट्रोलचा पंप विजेवर, ईसीयू (इंजिनाचा मेंदू) विजेवर. बॅटरीच मेली तर किक मारून काय आरती करणार? कंपन्यांना सगळं कळतं, उगाच काढलेली नाही.

जुना_बुलेटवाला:
मग स्प्लेंडरला कशाला ठेवली आहे? तीही इंजेक्शनच. तिच्या कंपनीला कळत नाही का?

वायरमन:
गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

गॅरेज_मिरज:
दोघंबी थांबा. बॅटरी उतरणं वेगळं आणि मरणं वेगळं. स्टार्टरची मोटर सगळ्यात जास्त करंट खाते, पंपाला आणि ईसीयूला त्यामानाने चिमूटभर लागतो. उतरलेल्या बॅटरीवर मोटर फिरत नाही, पण चावी फिरवल्यावर पंपाचा "ज्झ्झ" आवाज येतो. तो येत असेल तर किकवर गाडी चालू होते. तो आवाजच नसेल तर किक असून नसल्यासारखी. माझ्याकडं टेम्पोत घालून आणलेल्या निम्म्या गाड्या पहिल्या जातीच्या असतात.

जुना_बुलेटवाला:
धन्यवाद. माझी पहिल्या जातीचीच होती. म्हणजे किक असती तर चालू झाली असती. वायरमन, ऐकलंत?

वायरमन:
ऐकलं. वर्षातून एकदा दिवाळीला सासुरवाडीला जाणाऱ्या लोकांसाठी कंपनीने किक द्यावी, मान्य. सोबत उटणंही द्यावं.

जुना_बुलेटवाला:
मुलीकडे गेलो होतो, सासुरवाडीला नाही. वाचायचं नाही आणि अक्कल शिकवायची. मी अठ्ठ्याऐंशी सालापासून गाडी चालवतोय. तुमचे हप्ते तरी फिटलेत का?

वायरमन:
हप्त्यांचा काय संबंध? गाडी चालवायला लागल्याचं साल सांगून वीज तयार होते का?

नाशिकची_स्वाती:
किक गेली त्याच्या आधी डबल स्टँड गेला, त्याचं काय? ड्यूकला नाही, ट्रायम्फच्या स्पीड ४०० ला नाही. साइड स्टँडवर चेनला ऑइल घालून बघा. एक हात पाचशे मिलीच्या डब्यावर, एक हात गाडी पुढे ढकलायला, चेन बोटभर सरकते, परत उठा. शेवटी मागचं चाक उचलून धरणारा वेगळा पॅडॉक स्टँड विकत घ्यायचा. त्या बाबतीत क्लासिकला पैकीच्या पैकी. डबल स्टँडवर घ्यायची युक्ती कळली की सोपी आहे, पाय खाली दाबायचा, हाताने उचलायचं नाही.

पार्किंगग्रस्त:
धागा वजनाचा आहे, लोकहो.

बार्शीकर:
किक पायजेच. बायकू माहेरी गेल्यावर गाडीपण महिनाभर बंद असती.

सातारा_अपडाऊन:
तुम्ही चालता मग?

बार्शीकर:
तिचीच गाडी हाय.

गॅरेज_मिरज:
किक नसली तर धक्का मारायचा. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवायची, वेग आला की क्लच सोडताना सीटवर धपकन बसायचं म्हणजे मागचं चाक घसटत नाही. पहिल्या गिअरला करू नका, चाक जागीच अडकतं. पण तेही पंपाचा आवाज येत असला तरच.

पार्किंगग्रस्त:
घ्या! आलात ना शेवटी माझ्याच दारात? शंभर किलोची गाडी एकटा माणूस पळवून चालू करतो. १९५ किलोची कोण पळवणार? किक काढायची आणि वरून वजन वाढवायचं. काकांना धक्का मारायला किती जण लागले होते, विचारा.

जुना_बुलेटवाला:
इस्त्रीवाला आणि त्याचा भाऊ. उतार होता म्हणून दोघांत भागलं.

सातारा_अपडाऊन:
आमच्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरत नाहीत, कारण आम्ही त्या चालवतो. असो. पोराला हिंजवडीपुरतीच हवी असेल तर घेऊ दे १२५. गावाला कधीच जाणार नसेल, लग्न करणार नसेल, आणि खंबाटकी फक्त नकाशात बघणार असेल, तर धागाकर्त्यांचं शंभर टक्के बरोबर.

पार्किंगग्रस्त:
खंबाटकीसाठी पंधराऐवजी अठरा करतो, जा. वजनाचे १४० हलणार नाहीत.

सातारा_अपडाऊन:
अठरा बीएचपी आणि १४० किलो. शोरूमात अशी कुठली मिळते ते सांगा, मीच घेतो.

वायरमन:
अपाचे १६० चार व्हॉल्व्हची जवळपास तिथेच येते. वजन पाच-सहा किलो जास्त भरेल.

पार्किंगग्रस्त:
पाच-सहा किलो चालतील.

सातारा_अपडाऊन:
हे बघा, अर्ध्या मिनिटापूर्वी हलणार नव्हते!

जुना_बुलेटवाला:
तिला किक आहे का?

गॅरेज_मिरज:
काका, मॉडेलवर आहे. घेण्याआधी उजव्या बाजूला वाकून बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. आणि जुनी डीकॉम्पवाली अजून घरात असेल तर विकायच्या आधी मला सांगा.