संडे स्कूलमधे उपकारस्तुती आणि चिकाटी, हाताने करून शिकवता येईल असं काही आहे का?

किलबिल_क्लास:
नमस्कार सगळ्यांना. आमच्या चर्चमधे संडे स्कूलला पुढचा पूर्ण महिना दोन विषय दिलेत, उपकारस्तुती आणि चिकाटी, आणि माझ्याकडे चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची सगळी मुलं एकाच खोलीत असतात, म्हणजे एकाला कात्री धरता येत नाही आणि दुसऱ्याला कात्रीचा कंटाळा आलाय. दर वेळी तेच होतं, गोष्ट सांगायची, एक वचन पाठ करून घ्यायचं, मग झाडाचं चित्र असलेला कागद द्यायचा आणि त्याच्या पानांवर 'मी कशासाठी आभारी आहे' ते लिहायला लावायचं. सगळे आई, बाबा, घर, शाळा लिहितात कारण शेजारच्याने तेच लिहिलेलं असतं, आणि क्लास सुटला की निम्मी झाडं खुर्च्यांखाली पडलेली. चिकाटीचं तर त्याहून अवघड, पोस्टर रंगवून चिकाटी येते का कोणाला? तर कोणी खरंच क्लासमधे करून बघितलेल्या ॲक्टिव्हिटी असतील तर सांगा. पाऊण तास मिळतो, मदतीला एक कॉलेजची मुलगी असते, सामान साधं हवं, कागद, दोरा, पेपर कप, पुठ्ठा असलं. आणि प्लीज लिंका नकोत, पिंटरेस्ट मी पण बघते 😄

खडूफळा:
ताई, नहेम्या घ्या, डोळे झाकून, म्हणजे बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातली यरुशलेमचा पडलेला तट परत बांधायची गोष्ट. दोन्ही विषय एकाच गोष्टीत बसतात, ते कसं ते शेवटी सांगतो. पेपर कपांची भिंत बांधायची, पण एक हात पाठीमागे. हे मी मनाचं नाही सांगत, चौथ्या अध्यायात आहेच की ओझी वाहणारे एका हाताने काम करायचे आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरायचे. लहान मुलं कप आणून देतात, मोठी रचतात, त्यामुळे तुमचा वयाचा प्रॉब्लेम पण सुटतो, कारण बारा वर्षांच्या पोराला वाटतं आपण मेस्त्री आहोत. तुमच्या मदतनीस मुलीला सनबल्लट करा, तट बांधायला विरोध करणारा तो. ती सारखी येऊन चिडवणार, 'कोल्हा चढला तरी पडेल तुमची भिंत' (हे सनबल्लटाच्या साथीदाराचं, तोबीयाचं वाक्य, मुलं याच्यावर खूप हसतात), आणि मधेमधे गोड आवाजात म्हणणार, अरे सोडा ते, इकडे या, गंमत दाखवते. सनबल्लटाने असा निरोप चार वेळा पाठवला आणि नहेम्याने चारही वेळा तेच उत्तर दिलं, मी मोठ्या कामात आहे, मला यायला जमणार नाही. ते उत्तर मुलांना आधीच पाठ करून द्या, मग ती चारही वेळा बेंबीच्या देठापासून ओरडतात.

भिंत पडते, पडणारच, एका हाताने रचलीय ना. पडली की तुम्ही हात लावायचा नाही आणि 'असू दे असू दे' पण म्हणायचं नाही. थोडं थांबा. कोणीतरी चिडतं, कोणीतरी म्हणतं याच्यामुळे पडली, आणि मग एखादं पोर गुपचूप खालचे कप परत लावायला लागतं. त्या क्षणाला काम थांबवून विचारा, आत्ता काय वाटलं, सोडून द्यावंसं वाटलं का? हो म्हणाले तर सांगा की नहेम्याची माणसं पण म्हणाली होती, ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपलीय आणि ढिगारा फार आहे. मुलांना बरं वाटतं की बायबलमधल्या माणसांना पण कंटाळा यायचा. 52 दिवसांत तट पुरा झाला हा आकडा मात्र शेवटी सांगा, आधी सांगितलात तर त्यांना ते फार सोपं वाटतं.

आता उपकारस्तुतीचं. तट बांधून झाल्यावर बाराव्या अध्यायात नहेम्या दोन मोठे गायकवर्ग त्या तटावरून चालवतो, उपकारस्तुती करत, एक उजवीकडे आणि दुसरा त्याच्या समोरच्या दिशेने. म्हणजे ज्या भिंतीवर कोल्हा चढला तरी पडेल म्हणाले त्याच भिंतीवर अख्खी माणसं गात गात चालली! बहुतेक ठिकाणी भिंत झाली की धडा संपवतात आणि हा भाग राहून जातो. मुलांच्या दोन रांगा करा, कपांच्या भिंतीच्या दोन बाजूंनी गात फिरवा, मधे एकमेकांना भेटतील तिथे थांबून प्रत्येकाने समोरच्याचे आभार मानायचे, पण एका ठरावीक गोष्टीसाठी. 'तू मला कप आणून दिलास' एवढं पुरे. इथे कोणी आई बाबा घर शाळा म्हणत नाही कारण आठवायला समोर खरं काहीतरी घडलेलं असतं.

मोहरीचादाणा:
खडूफळा सरांनी शेवटी जे लिहिलंय ना ते खरं कळीचं आहे. झाडाच्या पानांवर लिहिण्यात काय होतं, आभार कोणालाच पोचत नाहीत, कागदावरच राहतात. मुलांना उठून जाऊन समोरच्या माणसाला सांगायला लावा. लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट त्यासाठीच मला आवडते, येशूने दहांना बरं केलं आणि आभार मानायला एकच परत आला ती. दहा मुलांना टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळायच्या (याच्यातच सगळी लोळतात हसून, वेळ धरा), खोलीच्या एका टोकाकडून याजकाकडे (धर्मगुरूकडे) पाठवायचं, वाटेत पट्ट्या तोडून टाकायच्या, आणि आधी कोणालाच सांगायचं नाही की परत कोणी यायचंय. फक्त एकाच्या कानात सांगून ठेवा. तो परत आला की बाकीचे तिकडेच दंगा करत असतात आणि मग त्यांना कळतं अरे आपण ते नऊ आहोत. एक मुलगी मला म्हणाली होती की पण टीचर येशूनेच त्यांना याजकाकडे जा म्हणून सांगितलं होतं, मग नऊ जणांचं चुकलं काय? मी म्हटलं बरोबर आहे, ते सांगितलेलं ऐकतच होते, आणि तरी येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे आहेत. मोठ्या मुलांना याच्यावर बोलू द्या, पटकन उत्तर देऊन टाकू नका.

मग पुढचा भाग, हाच खरा. चर्चमधे जी कामं कोणाच्या लक्षात येत नाहीत ती मुलांनी शोधायची. खुर्च्या कोण लावतं, माईक कोण चालू करतं, झाडतं कोण, बाथरूम कोण धुतं. दोघादोघांच्या जोड्या करून एकेका माणसाकडे पाठवा, चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत नुसतं 'थँक्यू अंकल' चालणार नाही असा नियम ठेवा, 'तुम्ही अमुक करता म्हणून आम्हाला तमुक होतं' अशी दोन्ही टोकं हवीत. जे लिहू शकत नाहीत ते तोंडी सांगतात किंवा चित्र काढतात. आणि जमलं तर नुसतं सांगून न येता एकदा त्या माणसाबरोबर ते काम थोडं करून यायचं. दहा खुर्च्या उचलल्या की आभार जरा वेगळ्या आवाजात येतात 🙂

अजून एक, यात सामान काहीच लागत नाही. बायबलमधल्या स्तोत्र 136 मधे सव्वीस ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा शेवट सारखाच, त्याची दया सनातन आहे. त्याच चालीवर मुलांनी आपल्या आठवड्यातल्या ओळी करायच्या, एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी शेवट. 'माझा ताप उतरला' 'त्याची दया सनातन आहे', 'दादाने सायकल दिली' 'त्याची दया सनातन आहे'. चार वर्षांच्यांना वाचता येत नाही पण शेवटचा भाग तेच सगळ्यात जोरात म्हणतात.

दोन_पोरांचा_बाप:
मी टीचर नाही, पालक आहे, तरी बोलतो. वरचं सगळं छान आहे फक्त कृपा करून याच्यावर स्टिकर आणि बक्षीस लावू नका. सगळ्यात जास्त आभार कोणी मानले त्याला चॉकलेट, असं मी बघितलंय, आणि मग मुलं चॉकलेटसाठी आभार मानतात, विषय संपला. 1973 मधे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्यांना चित्रं आवडायची त्यांनाच आधी सांगितलं चित्र काढा सर्टिफिकेट मिळेल, तर पुढे तीच मुलं मोकळ्या वेळात चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही. भिंतीच्या खेळात पण दोन टीम करून रेस लावू नका, हरलेल्या टीमला चिकाटी वगैरे काही आठवत नाही, फक्त हरलो ते आठवतं.

सनबल्लटच्या नाटकावरून आठवलं. बॅटमॅन इफेक्ट म्हणून एक अभ्यास आहे, 2017 चा, चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं आणि बाजूला गेम ठेवला. जी मुलं बॅटमॅनसारखं कोणीतरी बनून 'बॅटमॅन नीट काम करतोय का' असं स्वतःला विचारत होती ती सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. तर लहान मुलांना नुसतं 'तू चिकाटी ठेव' म्हणण्यापेक्षा 'तू आत्ता नहेम्या आहेस, नहेम्या काय करतोय?' असं विचारा. माझ्या धाकट्याचे बूट पण नहेम्याच बांधतो हल्ली.

अल्टो_दुसरी_रांग:
चार रविवार हातात आहेत तर एक गोष्ट चारही रविवार चालणारी ठेवा, एका क्लासमधे सुरू होऊन त्याच क्लासमधे संपणाऱ्या कामात चिकाटी लागतेच कुठे. पुठ्ठ्याला दोन बाजूंनी खाचा पाडून उभे दोरे ताणायचे आणि आडवा दोरा वरखाली करत विणायचं. पहिल्या रविवारी मजा, दुसऱ्या रविवारी निम्म्यांना सोडावंसं वाटतं, हे अपेक्षित आहे, तिथेच गलतीकरांस 6:9 सांगा, चांगलं करताना कंटाळू नये ते. लहानांना जाड लोकर आणि कमी खाचा, मोठ्यांना बारीक. विणून झालं की ते ज्याला द्यायचंय त्याचं नाव पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यामागे लिहून घ्या, म्हणजे परत तुमचा आभाराचा विषय येतो.

आणि एकदम छोटं, पाच मिनिटांचं. बायबलमधला संदेष्टा एलीया दुष्काळात पावसाचा ढग दिसतो का ते बघायला आपल्या सेवकाला सात वेळा समुद्राकडे पाठवतो ते. एका मुलाला खिडकीकडे पाठवा, तो येऊन सांगणार काहीच नाही, परत जा, काहीच नाही. सातव्या वेळी खिडकीवर तुम्ही तळहाताएवढा कापसाचा ढग चिकटवलेला असतो. मधल्या फेऱ्यांना खरंच कंटाळा येऊ द्या, घाई करू नका.

किलबिल_क्लास:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार (स्टिकर नको 😄). एक अडचण आहे पण. माझ्या क्लासमधे एक मुलगा आहे, घरात मोठं दुःख झालंय नुकतंच. त्या स्तोत्र 136 वाल्या खेळात त्याची पाळी आली तर? सगळे आनंदाने काहीतरी सांगतायत आणि त्याने काय सांगायचं?

मोहरीचादाणा:
पाळीच ठेवू नका. ज्याला सुचेल त्याने म्हणायचं, गोल फिरायचं नाही. आणि त्याच दिवशी आधी स्तोत्र 13 वाचा, सहाच ओव्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो कोठवर, आणि शेवटी गातो. ज्यांना फक्त 'कोठवर' म्हणायचंय त्यांच्यासाठी पण बायबलमधे जागा आहे हे बाकीच्या मुलांना पण कळू दे. 'देवाने बाकी किती दिलंय बघ' असं त्याला कोणी म्हणणार नाही एवढं बघा, मदतनीस मुलीला पण आधीच सांगून ठेवा. तो कदाचित काही बोलणार नाही, फक्त शेवटची ओळ सगळ्यांबरोबर म्हणेल किंवा तीही नाही म्हणणार, चालेल.

दोन_पोरांचा_बाप:
+1. आणि त्या दिवशी त्याला एखादं हाताचं काम द्या, कपांचा गठ्ठा सांभाळायला वगैरे, नुसतं बसून राहायला लागलं की जास्त जड जातं.

किलबिल_क्लास:
हे जमेल. पहिल्या रविवारी नहेम्याच घेते मग. फक्त पलीकडच्या हॉलमधे तेव्हा उपासना चालू असते, भिंत पडल्यावर केवढा आवाज होईल!

खडूफळा:
कपांचा नाही होत फारसा, खाली चादर अंथरा. आवाज मुलांचा होतो, त्याला उपाय नाही, पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा.