प्रति: नळीच्या तोंडावरचं झटपट माउंट आणि पेटंट

सायलेन्सर नळीवर फिरवून झटपट अडकवायची अशी दातेरी रिंग आजवर कुठल्याच बंदुकीवर नव्हती, म्हणून पेटंट पक्कं, हे या चर्चेतलं वरचं म्हणणं पटलं नाही. नवेपणा हा पहिला उंबरठा. खरी अडवणूक पुढे, कल्पकतेच्या टप्प्यावर (जाणकाराला हे सहज सुचलं असतं का, इथे) होते आणि तिथे परीक्षक फक्त बंदुकाच बघतो असं नाही. गोव्यात वेर्ण्याच्या वर्कशॉपात आम्ही होज (पाइप) जोडायची, फिरवून अडकणारी कपलिंग केली होती. अर्ज मुंबईला गेला (गोव्याचे तिकडेच जातात) आणि पहिल्या परीक्षण अहवालात समोर काय, तर कॅमेऱ्याच्या लेन्सचं माउंट! चिडलो, पण मुद्दा बिनतोड होता. गॅस्केट (गळती थांबवणारी चकती) पुरतं दाबल्याशिवाय खटका पडतच नाही, एवढ्यावर दावा (अर्जात हक्क मागतो तो भाग) आखडला तेव्हा कुठे निभावलं. सायलेन्सरच्या माउंटचंही तेच. फिरवून अडकवणं जुनंच. धक्क्याने सैल न होता, काजळी धरल्यावरही ते सुटतं कसं, हे दाव्यात दिसायला हवं.

आणि पेटंट कायद्याचं कलम 39 या चर्चेत कुणी काढलंच नाही. भारतात राहणाऱ्याला थेट अमेरिकेत अर्ज टाकायचा तर आधी परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, तेही मधे गुप्ततेचा आदेश आला नाही तर. शोध संरक्षणाच्या कामाचा असेल तर केंद्र सरकारच्या संमतीशिवाय कंट्रोलर (पेटंट कार्यालयाचा अधिकारी) ती परवानगी देत नाही. हे डावललं तर इथला अर्ज सोडून दिला असं धरतात. पेटंट मिळालं तरी माल बनवायला शस्त्र कायद्याचा परवाना वेगळा, ते तर आहेच.