सल्ला हवा: तीन जागा, तीन राऊटर. रस्ते हाताने भरत राहू की त्यांचं त्यांना ठरवू देऊ?

रावपुरा_आयटी
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस बडोद्याच्या रावपुऱ्यात, कारखाना मकरपुरा जीआयडीसीत, गोडाऊन हालोलला. रावपुरा ते मकरपुरा १०० मेगाबिट फायबर, मकरपुरा ते हालोल ५० ची फायबर आणि रावपुरा ते हालोल थेट ४ मेगाबिटची जुनी लीज लाईन. म्हणजे त्रिकोण. सगळे रूट (कुठलं ट्रॅफिक कुठल्या वाटेने, ते रस्ते) स्टॅटिक, म्हणजे मीच हाताने भरलेले, सगळे फायबरवरून.

गुरुवारी हालोलच्या वाटेवर जेसीबीने फायबर उखडली. गोडाऊनचं बिलिंग तीन तास ठप्प, दारात दोन ट्रक उभे. ४ मेगाबिटची लाईन तेव्हा धडधाकट होती, पण तिच्यावरून एक पॅकेट (डेटाचा तुकडा) जाईल तर शपथ! मकरपुऱ्यात मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर आणि राऊटरची केबल जोडणारा डबा) हिरवा दिवा शेवटपर्यंत चालू, त्यामुळे राऊटरच्या लेखी सगळं आलबेल. वर शेठ म्हणतात, वापरातच नाही तर भाडं कशाला भरायचं, काढून टाका ती लाईन.

रस्ते आपोआप ठरवायला आरआयपी, ओएसपीएफ की आणखी कुठला प्रोटोकॉल लावू? मी हे सगळं हात भाजून घेतच शिकलोय, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

मांजलपूरकर
एवढ्याला प्रोटोकॉल कशाला भाऊ? जास्त डिस्टन्स देऊन (म्हणजे पसंतीत मागे ठेवून) दुसरा स्टॅटिक रूट टाक, पहिल्याला गेटवे पिंगची अट लाव, म्हणजे समोरच्या राऊटरला सतत 'आहेस का' विचारायचं. उत्तर येईना की तो रूट बाद, दुसरा चालू. चहा होईपर्यंत काम उरकेल.

निवृत्त_टेलिकॉमवाला
दोनच जागा असत्या तर मीही हेच सांगितलं असतं. इथे फसेल. कागदावर काढून बघा.

मकरपुरा हालोलला पिंग करतो, उत्तर नाही, म्हणून हालोलचं ट्रॅफिक रावपुऱ्याकडे वळवतो. इथवर ठीक. पण रावपुरा पिंग करतोय मकरपुऱ्याला, आणि तिथून उत्तर झकास येतंय! त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. तो पॅकेट परत मकरपुऱ्याला देतो, मकरपुरा पुन्हा रावपुऱ्याला. दर हेलपाट्याला टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांचा आकडा) घटत शून्यावर येईपर्यंत हेच. तुटलंय शेजाऱ्याच्या पलीकडे, आणि ते रावपुऱ्याला कळवायला कुणी नाही. ते कळवण्यासाठीच तर राऊटिंग प्रोटोकॉल असतो.

मांजलपूरकर
कागदावर काढलं. खरंय काका, मागे घेतो.

अलकापुरी_नेट
मग आरआयपी. दोन ओळींत लागतो, छोट्या नेटवर्कला पुष्कळ झाला.

निवृत्त_टेलिकॉमवाला
लागतो लवकर, हे कबूल. पण त्यात राऊटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपला तक्ता वाचून दाखवतो: अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या हॉपवर (राऊटर ते राऊटर टप्प्यांवर). शेजाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं नसतं, सगळं ऐकीव. समोरचा गप्प झाला तर त्याचे रूट बाद व्हायला १८० सेकंद. त्यात दोघे एकमेकांच्या शिळ्या बातमीवर विसंबले की हॉपचा आकडा ३, ४, ५ करत १६ पर्यंत चढतो. आरआयपीत १६ म्हणजे 'पोचत नाही'. ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच परत सांगायचं नाही, हा स्प्लिट होरायझनचा नियम दोघांत पुरतो. त्रिकोणात तीच बातमी तिसऱ्याकडून फिरून येऊ शकते.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण आरआयपी हॉप मोजतो, वेग नाही. रावपुऱ्याहून हालोल थेट गेलं तर अंतर कमी, म्हणजे सगळं ट्रॅफिक कायम त्या ४ मेगाबिटवर आणि ५० ची फायबर कोरडी. मग शेठ फायबर काढायला सांगतील.

ओएसपीएफ लावा. त्यात राऊटर फक्त स्वतःच्या लिंक जाहीर करतो आणि ती नोंद जशीच्या तशी सगळ्यांकडे पोचते. तिघांकडे एकच नकाशा, त्यावरून डायक्स्ट्राच्या रीतीने (सगळ्यात कमी कॉस्टचा रस्ता शोधायची पद्धत) जो तो आपला रस्ता काढतो. बदल झाला की लगेच नवी नोंद, एरवी ३० मिनिटांनी उजळणी. प्रत्येक लिंकची कॉस्ट (बेरीज कमी तो रस्ता पसंत) हाताने भरा: १०० ला १, ५० ला २, ४ मेगाबिटला २५. रावपुऱ्याहून हालोल फायबरने ३, थेट २५. फायबर शाबूत असेतो लीज लाईन आराम करील.

सयाजीगंज९०
बीजीपी का नको? इंटरनेट कंपन्या आपसात रूट सांगायला तोच वापरतात.

निवृत्त_टेलिकॉमवाला
तीन राऊटरना? पापड भाजायला भट्टी लावण्यासारखं आहे. दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेऊन स्वतःचे आयपी जाहीर करायचे असतील तेव्हा बघू.

मांजलपूरकर
ऑफिसच्या लॅनचा पोर्ट पॅसिव्ह ठेव (तिथे ओएसपीएफ कुणाशी बोलणार नाही) आणि लिंकवर पासवर्ड लाव. नाहीतर कुणीतरी टेबलाखाली राऊटर जोडेल आणि तोही नकाशात घुसेल.

रावपुरा_आयटी
ओएसपीएफ लावला. दोन्ही फायबरवर शेजार लगेच 'फुल' (नकाशा जुळून पक्का) झाला. लीज लाईनवर मात्र शेजारी दिसतो आणि 'एक्सस्टार्ट'मध्येच, म्हणजे नकाशाची देवघेव सुरू व्हायच्या पायरीवरच, अडकून बसतो. एक तास झाला.

अलकापुरी_नेट
दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघ. हॅलोचं पॅकेट (शेजाऱ्याला 'मी आहे' सांगणारं) चिमुकलं, ते जातं, म्हणून शेजारी दिसतो. पुढच्या पॅकेटात एमटीयू लिहिलेला असतो. तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की समोरचा ते पॅकेट टाकून देतो.

रावपुरा_आयटी
तेच निघालं! इकडे १५००, हालोलला कुणीतरी १४०० करून ठेवलेले. दोन्हीकडे १४०० केल्यावर दहा सेकंदांत 'फुल'.

रविवारी चाचणी घेतली. मकरपुऱ्यात कन्व्हर्टरच्या मागची फायबर उपटली, राऊटरची केबल तशीच. हिरवा दिवा चालू. सेकंदाला एक पिंग सोडलेला, ३९ गेले आणि चाळिसावा लीज लाईनवरून आला. हॅलो दर १० सेकंदांनी, ४० सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी मेला, असा हिशोब दिसतो. फायबर परत जोडून तो २ आणि ८ करायला गेलो. दोन्ही टोकांना आकडे सारखे लागतात हे विसरलो आणि आधी मकरपुऱ्यात बदलले. हालोलशी शेजार तुटला. गाडीची किल्ली हातात घेतली होती, तेवढ्यात आठवलं, आणि त्याच ४ मेगाबिटवरून हालोलच्या राऊटरमध्ये शिरून तिकडचे आकडे बदलले.

शेठना हे आज सकाळी सांगितलं. लाईन राहतेय.