मामाले मानसिक आजार हाय म्हणून सातबाऱ्यातून वगळता येते का?

वऱ्हाडी_भाचा:
नमस्कार मंडळी. आजोबा गेले, वावर अजून त्याइच्याच नावानं हाय. मधल्या मामाले स्किझोफ्रेनिया हाय, नागपूरच्या मनोरुग्णालयात राहून आला, आता गोळ्या चालू हायेत, ढोरं पायते, कापूस वेचते, बरा हाय. पण मोठा मामा म्हणते येड्याले कायचा हिस्सा, वारसात नाव टाकलंच नाही अन् वरून म्हणते हक्कसोडवर त्याचा अंगठा घेऊन टाकू. असं चालते का?

कोर्टकचेरी:
नाही चालत. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 28, आजार किंवा व्यंग आहे म्हणून कोणाचा वारसा जात नाही. अन् 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे ना, त्यात कलम 3 मध्ये स्पष्ट आहे की नुसता आजार आहे म्हणून माणूस अनसाउंड माइंड धरता येत नाही, ते कोर्टानं ठरवावं लागते, आधी दवाखान्यात भरती होता एवढ्यावरूनही नाही. बाकी मोठ्या मामाची गंमतच आहे, येडा म्हणता तर त्याच्या अंगठ्याला किंमत काय? अन् अंगठा चालते म्हणता तर मग येडा कसा?

पाटील_काका:
कायदा ठीक हाय बाप्पा, पण दवाखान्यात नेणं, रात्री उठून शोधत फिरणं, हे मोठ्यानंच केलं असन ना? भाचे सुट्टीत येतेत अन् सल्ले देतेत.

अंगणवाडी_ताई:
काका, सांभाळलं ते खरंच, त्याचं मोल हायच. पण त्यापायी वावर लिहून घेता येत नाही न. भाऊ, तलाठ्याकडं लेखी हरकत द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. फेरफारची नोटीस निघाली असन तर मुदत पाहा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, या कायद्यातले हक्क मिळवायसाठी मानसिक आजार असलेल्याले फुकट वकील मिळते, कलम 27. मामाचे दवाखान्याचे कागद सोबत न्या. अन् अंगठ्याचं मामालेच नीट समजावून सांगा, तो ऐकते ना तुमचं?

वऱ्हाडी_भाचा:
ऐकते, माह्यंच ऐकते. पोच घेतो.

कोर्टकचेरी:
एक विचारायचं राहिलं. तुमच्या आईचं नाव टाकलं का वारसात? मुलीचाही तेवढाच हिस्सा असते, आजी असतील तर त्यांचाही.

वऱ्हाडी_भाचा:
आत्ताच आईले विचारलं. नाही टाकलं. आजीचं तेवढं हाय.

अंगणवाडी_ताई:
मंग आईच्या सहीनं वेगळी हरकत द्या, मामाची वेगळी.