मदत हवी आहे: बदलापूर ते कलिना रोज ये-जा करू की वसतिगृहात राहू?

नमस्कार. मुंबई विद्यापीठात कलिन्याला एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळालाय. वसतिगृहाच्या यादीतही नाव लागलंय, पण सोमवारपर्यंत पैसे भरून खोली पक्की करायची आहे. आज गुरुवार. घरात चार दिवस दुसरा विषय नाही, म्हणून इथे विचारते.

आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. कुर्ल्यापर्यंत लोकलने ५० किलोमीटरच्या वर, पुढे पश्चिमेहून बस. मागच्या आठवड्यात लेक्चरच्या वेळा धरून मुद्दाम जाऊन आले. पाचला उठून सहाच्या आत घर सोडायचं. बदलापूरहूनच सुटणारी गाडी मिळाली त्या दिवशी खिडकी मिळाली, नोट्सही वाचून झाल्या. दुसऱ्या दिवशी ती चुकली आणि कर्जतहून आलेली पकडावी लागली. लेडीज डब्यात दाराशीच उभी होते, डोंबिवलीनंतर खांद्यावरून घसरलेली बॅग वर घ्यायलाही हात हलेना. परतीचं तर विचारूच नका. कुर्ल्याला गाडी येते तीच भरून. दोन सोडल्या, तिसरीत शिरले. ‘कुठे उतरणार?’ विचारत विचारत ठाण्याला उतरणारीची एक सीट मिळाली, तीही चौथी, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायची. घरी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. जेवून पुस्तक उघडलं आणि त्याच्यावरच झोपले. बी.एस्सी.ला उल्हासनगरला जायचे, तेव्हा असं कधी झालं नाही.

शिवाय प्रॅक्टिकल लांबतं. रिफ्लक्स (मिश्रण बराच वेळ उकळत ठेवणं) लावून ठेवलाय आणि माझी गाडी आहे म्हणून निघाले, असं करता येत नाही.

आई ९ जून २०२५ विसरायला तयार नाही. मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्या सकाळी मामा त्याच मार्गावर प्रवासात होता. आणि पावसाळ्याचं काय? २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याच बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती.

मग अडलंय कुठे? आजीपाशी. तिला दोन वेळा इन्शुलिन लागतं आणि ते मीच देते. सकाळी नाश्त्याआधी, रात्री साडेसातला जेवणाआधी. सुई हातात घेतली की आईचे हात थरथरतात आणि बाबांची एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. संध्याकाळी दहावीच्या सहा मुलांची शिकवणी घेते, त्यातून धाकट्या भावाच्या क्लासची फी जाते. मी तिकडे राहिले तर हे सगळं कोण बघणार? पासाला कन्सेशन मिळतं, त्यामुळे ये-जा पैशाने स्वस्तच पडेल.

कुणी असा प्रवास करून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलंय का? पहिलं सेमिस्टर घरून करून मग ठरवावं का?

अंबरनाथकर:
ताई, मी तुमच्याच वाटेने पहिलं वर्ष काढलं, दुसऱ्या वर्षी वसतिगृहात गेलो. प्रयोगशाळा असलेल्या विषयाला पहिलं वर्षच सगळ्यात जड असतं, तेव्हा उलटं करायला हवं होतं असं आजही वाटतं. गाडीत व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) प्रश्न पाठ होतात, पण मेकॅनिझम (अभिक्रिया पायरीपायरीने कशी होते ते) कागदावर काढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. तुमचीच वेळ बघा. सहाच्या आत निघून पावणेनऊला परत आलात तर आजींचं साडेसातचं इंजेक्शन तुमच्या हातून होणार नाही. सकाळचंही नाही, इतक्या पहाटे त्या नाश्ता कशा करतील? शिकवणीही संध्याकाळी होणार नाही. म्हणजे ये-जा करा किंवा तिकडे राहा, ही कामं दुसऱ्या कुणालातरी शिकवावीच लागणार. भाऊ केवढा आहे? डॉक्टरांना विचारून त्याला शिकवा. शिकवणी शनिवार-रविवारवर नेता येते का तेही पालकांना विचारा. आणि पहिलं सेमिस्टर बघून ठरवू म्हणालात तर आत्ता सोडलेली खोली तेव्हा मिळेल याची खात्री नाही.

धागाकर्ती:
दादा, घरात चार दिवस बोलतोय, पण साडेसातची वेळ कुणी माझ्या गाडीशी जुळवून पाहिली नव्हती. मीही नाही. भाऊ अकरावीत आहे. आज डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेले. त्यांनी इन्शुलिन पेनने कसं द्यायचं ते दाखवलं आणि आधी माझ्यासमोर करू दे म्हणाले. रात्री त्याने माझ्या देखत आजीला दिलं. पेनवरचा डोसचा आकडा मोठ्याने वाचला, मला दाखवला, मग टोचलं. आजी म्हणाली, दुखलं नाही. चार पालकांनी शनिवार-रविवारला हो म्हटलंय, दोघांचे फोन यायचेत. बाबांची सोमवारी सकाळची शिफ्ट आहे, म्हणून पैसे भरायला मी आणि आई जाणार आहोत.