बिनटॅगचा सर्व्हर चालूच होऊ द्यायचा नाही, हे बरोबर की चूक?

आठवी गल्ली
कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं ११ माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना स्टॉक आणि डिस्पॅचचं काम करून देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीची वाट बंद झाली आणि कारखान्यातल्या सर्व्हरपाशी आम्हाला पोचताच येईना. त्यानंतर एकेक ग्राहक एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर, मुंबई रीजनमध्ये हलवला. सगळे एकाच अकाउंटमध्ये.

आता महिन्याचं बिल एकच येतं आणि ते १४ ग्राहकांत वाटायचं असतं. त्यासाठीच टॅग असतात: प्रत्येक सर्व्हरला, डिस्कला अडकवलेली चिठ्ठी, तिच्यावर ग्राहकाचं नाव. पण गेल्या आठवड्यात हिशेबाला बसलो तर निम्म्याच्या आसपास रकमेला चिठ्ठीच नाही. जिथे आहे तिथे एकानं 'क्लायंट'चा सी मोठा लिहिलाय, दुसऱ्यानं छोटा. एडब्ल्यूएसला ते दोन वेगळे टॅग, म्हणून रिपोर्टात एकाच कारखान्याचा खर्च दोन ठिकाणी फुटलेला.

मी ठरवलंय की ग्राहक, प्रॉजेक्ट, टेस्टिंग की प्रॉडक्शन, आणि जबाबदार माणूस हे चार टॅग असल्याशिवाय सर्व्हर चालूच होणार नाही. एका रिसोर्सला ५० टॅग लावता येतात, पण आम्हाला चार पुरे. ऑफिसातली पोरं म्हणतात, काम अडेल. मला वाटतं, आत्ता अडलेलंच बरं. तुमचं मत सांगा.

खासबाग
चूक. टॅगची सक्ती करून तुम्ही चुकीची गोष्ट घट्ट धरताय. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र अकाउंट द्या आणि सगळी अकाउंट एका ऑर्गनायझेशनखाली (एडब्ल्यूएसमधली अनेक अकाउंट एकत्र बांधायची सोय) आणा. बिल एकत्रच भरायचं, पण खर्च अकाउंटनुसार आपोआप वेगळा दिसतो. कुणाला काही आठवून लिहावं लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पैशाची नाहीच. आज तुमच्या नवीन पोरानं टेस्टिंगचं समजून भलताच डेटाबेस उडवला, तर तो १४ पैकी कुणाचाही असू शकतो. अकाउंट वेगळं असेल आणि त्याला त्याच अकाउंटची परवानगी असेल, तर त्याचा हात बाकीच्या १३ जणांपर्यंत पोचतच नाही. नुसती चिठ्ठी कुणाचा हात धरत नाही.

शिरोली फौंड्री
मी क्लाउडवाला नव्हे, असल्या सॉफ्टवेअरचा ग्राहक आहे. पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. कास्टिंगवर हीट नंबर लागतो, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर. तो मोल्डमध्येच घालावा लागतो, म्हणजे धातू ओतला की नंबर अंगावर उमटूनच बाहेर येतो. उद्या मशिनिंगवाल्यानं रिजेक्शन परत पाठवलं तर त्या नंबरावरून हीट सापडते, धातूत काय काय होतं त्याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट सापडतो, त्याच हीटचा बाकीचा माल कुठं गेला तेही कळतं.

नंबर मागाहून घालू म्हटलं की संपलं. पाच हीटचा माल शॉट ब्लास्टिंगनं साफ होऊन एका ढिगात पडला की बघून कुणाचा बाप सांगू शकत नाही कुठला नग कधीचा. म्हणून आठवी गल्लीचं बरोबर आहे. जन्मतःच चिठ्ठी हवी.

उद्यमनगर
दादा, कास्टिंग रात्री दीड वाजता फोन करून उठवत नाही. मी दुसऱ्या कंपनीत नोकरीला आहे, आमच्याकडे हीच सक्ती आहे. एका ग्राहकाचा सर्व्हर बिघडला, इमेजवरून (सर्व्हरची जपून ठेवलेली नक्कल) नवीन उभा करायला गेलो तर नकार. एरर म्हणून अक्षरांची लांबलचक माळ आली. ती उलगडायलाही वेगळी परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. तासाभरानं कळलं की सर्व्हरला टॅग दिला होता, पण त्याच्यासोबत तयार होणाऱ्या डिस्कलाही तोच टॅग वेगळा द्यावा लागतो. तो तास ग्राहकाचं डिस्पॅच बंद होतं आणि शिव्या मी खाल्ल्या.

माझं मत असं की काम अडवू नका. एडब्ल्यूएस कॉन्फिग या तपासणीच्या सेवेत टॅग तपासायचा नियम तयार मिळतो. रोज सकाळी त्याची यादी बघा, ज्याचा सर्व्हर बिनटॅगचा असेल त्याला दुपारपर्यंत लावायला सांगा.

आठवी गल्ली
@उद्यमनगर, तुझा राग रास्त आहे. पण तो नियमावर नको, नियम लावण्याच्या पद्धतीवर कर. सर्व्हर हातानं उभा करायचाच नाही. लाँच टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सर्व्हर उभा करायच्या साच्यात, सर्व्हरचे आणि डिस्कचे दोन्ही टॅग आधीच भरून ठेवता येतात. टेराफॉर्म (सर्व्हर कोड लिहून उभे करायचं साधन) वापरत असाल तर त्यातल्या एडब्ल्यूएसच्या जोडणीत, म्हणजे प्रोव्हायडरमध्येच डिफॉल्ट टॅग एकदा लिहायचे. ऑटो स्केलिंगमध्ये, म्हणजे कामाप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढतात तिथे, मात्र टॅग नव्या सर्व्हरपर्यंत पोचवायची खूण आठवणीनं चालू करावी लागते. शिवाय अडीअडचणीसाठी एक वेगळा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, ठेवायचा, त्याला सक्ती नाही.

खासबाग
आणि महिन्याभरात सगळे तोच रोल वापरायला लागतील. मी हे दोन ठिकाणी बघितलंय.

अजून एक. सक्ती कशानं करणार? टॅग पॉलिसी ही लावलेल्या टॅगचं स्पेलिंग आणि त्यात भरलेला मजकूर तपासते. टॅग मुळातच नसेल तर ती एकटी काही अडवत नाही. अडवायला सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी, म्हणजे अकाउंटांवर वरून घातलेली बंदी, हवी, आणि ती ऑर्गनायझेशन चालवणाऱ्या मुख्य, म्हणजे मॅनेजमेंट अकाउंटला लागू होत नाही. तुमचं एकच अकाउंट आहे. त्याच्यावर ऑर्गनायझेशन काढलीत तर मॅनेजमेंट अकाउंट तेच, आणि १४ ग्राहक त्यातच बसलेले. म्हणजे तुमच्या नियमातून तुमचे सगळे सर्व्हर सुटले. मग आयएएममध्ये, म्हणजे कुणाला काय करता येईल त्या परवानग्यांत, माणसागणिक अटी लिहीत बसा. सक्ती नीट करायची असेल तरी अकाउंट वेगळी करावीच लागतात.

हिशेबनीस
मी दोन आयटी कंपन्यांची खाती बघते, म्हणून बिलाच्या बाजूनं लिहिते. टॅग लावला म्हणजे तो बिलात दिसतो असं नाही. बिलिंगमध्ये जाऊन तो टॅग खर्चवाटपासाठी चालू करावा लागतो आणि दिसायला २४ तास लागू शकतात. मार्च २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांपर्यंतचं बॅकफिल, म्हणजे जुन्या बिलातही टॅग भरून, मागता येतं, पण त्या काळात रिसोर्सवर टॅग असेल तरच. आज लावलेली चिठ्ठी मागच्या महिन्याला चिकटत नाही. एवढ्यापुरती मी फौंड्रीवाल्या दादांच्या बाजूनं.

पण खासबाग, तुमच्या मार्गानंही खर्च वाढतो, तो तुम्ही सांगितला नाही. आज १४ जणांत एक नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जायची वाट) चालतो. अकाउंटं वेगळी करून प्रत्येकात तीच रचना मांडली तर १४ लागतील, आणि प्रत्येकाला तासाचा आकार आहे. सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यालाही (पब्लिक आयपीव्ही४) १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर. लहान ग्राहक महिन्याला जेवढे देतो त्यात हे टोचतं. उलट सामायिक डेटाबेसवर एक टॅग लावून त्याचे १४ वाटे होत नाहीत. तिथे टॅगवाल्यांचंही अडतं. मी करारातच वाटा लिहून घ्यायला लावते, वापरावर नाही, ठरलेल्या टक्क्यांवर. मग कुणी भांडत नाही.

खासबाग
ताई, नॅट गेटवेचं मान्य. एक नेटवर्क अकाउंट काढून तो तिथून वाटून घेता येतो, पण त्याला जाणता माणूस लागतो, तेही मान्य. तरी ज्या ग्राहकाचा प्रॉडक्शन डेटा आहे तो वेगळ्या अकाउंटमध्येच, यावर मी मागे येणार नाही.

आठवी गल्ली
मॅनेजमेंट अकाउंटची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. म्हणून नवीन मॅनेजमेंट अकाउंट काढतो, त्यात एकही सर्व्हर ठेवणार नाही, आणि जुनं अकाउंट त्याच्याखाली सदस्य म्हणून आणतो. पुढचे ग्राहक आणि मोठे चार स्वतंत्र अकाउंटमध्ये. लहान दहा जुन्यातच राहतील, कारण ताई म्हणतात तो आकार त्यांना परवडणार नाही. पण टॅगची सक्ती दोन्हीकडे राहील. ग्राहक कोण ते अकाउंट सांगेल, पण टेस्टिंगचा सर्व्हर कोणता आणि तो रविवारी कुणी चालू ठेवला, हे अकाउंट सांगत नाही.

@उद्यमनगर, टेस्टिंगसाठी तुझी पद्धत घेतो. सकाळची यादी, दुपारपर्यंत मुदत. प्रॉडक्शनला मात्र नाही.

एक अडचण उरलीच. कुठल्याच सर्व्हरला न जोडलेल्या ९ डिस्क सापडल्यात. सर्व्हर काढून टाकला तरी वरून जोडलेली डिस्क आपोआप जात नाही, तशा राहिल्या असणार. टॅग नाहीत, पैसे चालू आहेत. उडवू का?

शिरोली फौंड्री
लगेच उडवू नका. जुन्या मालाचे टेस्ट सर्टिफिकेट आम्हाला ग्राहक वर्षांनंतरही मागतात. त्या ९ मध्ये आमचं काही असेल तर?

उद्यमनगर
प्रत्येकीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) काढून मग डिस्क काढा, स्नॅपशॉट डिस्कपेक्षा स्वस्त पडतो. आधी क्लाउडट्रेलच्या, म्हणजे कुणी काय केलं त्या नोंदीच्या, इव्हेंट हिस्टरीत बघा, डिस्क कुणी तयार केली ते सापडतं. पण ती फक्त ९० दिवसांची असते. त्याआधीची असेल तर तात्पुरत्या सर्व्हरला जोडून आतल्या फाइली बघण्याला पर्याय नाही.

आठवी गल्ली
९ पैकी ७ गेल्या वर्षीच्या आहेत. शनिवारी बसतो. फौंड्रीवाले दादा, तुमचं स्टॉकचं काम आमच्याकडे असेल तर तुमचा माणूस पाठवा, फाइली ओळखायला लागेल.