काळे पडदे आणि चौकस शेजारी

"पोलीस असताना पोस्टातली बाई आणि पाद्रीबुवांची बहीण खुनी शोधून काढतात, हे काही पटत नाही," असं दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लिश खेड्यात घडणाऱ्या रहस्यकथांबद्दल कुणीतरी म्हटलंय. एरवी मलाही पटलं नसतं. पण युद्धकाळातलं इंग्लिश खेडं डोळ्यांसमोर आणा. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट, म्हणजे शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून रात्री सगळा उजेड झाकायचा. पडद्याच्या फटीतून जरा उजेड दिसला की वॉर्डन, म्हणजे त्यावर नजर ठेवणारा गस्तवाला, दारात हजर. म्हणजे रात्री कोण घरी, कोण बाहेर, याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस गल्लीतलाच! जानेवारी १९४० पासून रेशन: माणशी आठवड्याला १२ औंस साखर, ४ औंस लोणी. तेही नाव नोंदवलेल्या दुकानातूनच. एकट्या राहणाऱ्या बाईने अचानक केक केला, तर पहिली शंका वाण्यालाच यायची. (आपल्याकडे रेशनच्या रांगेत काय कमी बातम्या कळायच्या?)

त्यात १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन उतरले तर चुकावेत म्हणून, रस्त्यांवरच्या पाट्या काढल्या. वाट विचारणारा परका लगेच संशयित. चर्चच्या घंटाही बंद, फक्त आक्रमणाच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या.

मला खटकतं ते वेगळंच: एवढ्या काळोखात साक्षीदाराला खुन्याच्या कोटाचा रंग कसा काय दिसतो?